चादरीवरचा गोळा आणि गुरुत्वाकर्षण



गुरुत्वाकर्षण शिकवावयाचे म्हटले की आम्ही मास्तर मंडळी चादर मागवितो. चार मुलांनी टोके ताणून धरावयाची, मध्ये लोखंडी गोळा ठेवावयाचा आणि बाजूने गोटी सोडावयाची. गोटी खळग्याकडे वळते. "गोळा म्हणजे सूर्य, गोटी म्हणजे पृथ्वी. आइन्स्टाइनने 1915 साली हेच सांगितले," असे मी कित्येक वर्षे छातीठोकपणे सांगत आलो. एके दिवशी एका मुलीने विचारले, "सर, पण गोटीला खळग्यात खाली कोण ओढतो?"

'उद्या सांगतो' म्हणालो. तो 'उद्या' उजाडावयास महिना लागला.

उत्तर सुचले ते बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यावर. सातपुड्यातून झिरपणारे पाणी, बोगद्याने जोडलेल्या कुंड्यांतून, पंपावाचून शहरास पुरविणारी ही मोगलकालीन योजना 1615 च्या सुमाराची. पाणी उतारामुळे वाहते असे आपण म्हणतो. पण उतार केवळ वाट दाखवितो, ओढ पृथ्वीची. चादरीचेही तसेच. खळगा गोटीस ओढीत नाही, खालची पृथ्वी ओढते. म्हणजे आम्ही गुरुत्वाकर्षणाचा उलगडा गुरुत्वाकर्षणानेच करीत होतो!

दुसरा दोष याहून मोठा. चादरीत काळ नाही. आइन्स्टाइनच्या मते अवकाश आणि काळ मिळून एकच पट आहे व वस्तुमानामुळे तो वक्र होतो. झाडावरचा आंबा पडतो तो मुख्यतः काळाच्या वक्रतेमुळे. खालचे घड्याळ वरच्याहून किंचित सावकाश चालते. ही कविकल्पना नव्हे. 2010 साली अमेरिकेत एक अणुघड्याळ दुसऱ्यापेक्षा अवघे 33 सेंटिमीटर उंच करून हा फरक मोजला गेला. मोबाईलच्या नकाशाला आपले ठिकाण सांगणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे, उंची व वेग दोन्ही धरून, दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात; ती दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते. तेवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटरांहून अधिक जातो, यावरून चुकीचा अंदाज यावा.

मग मुलांस दाखवावे काय? मी आपल्या ट्रस्टने शाळेस दिलेला पृथ्वीगोल घेतो. विषुववृत्तावरील दोन ठिकाणांहून दोन प्रवासी सरळ उत्तरेस निघाले. दोघेही नाकासमोर चालतात, कोणी कोणास ओढीत नाही, तरी ध्रुवापाशी त्यांची गाठ पडतेच. देठापासून सुटलेला आंबाही त्या वक्र पटावर नाकासमोरच चालतो. आपणांस मात्र पायाखालची जमीन वर रेटीत असते. वजन म्हणतो ते हेच.

हाही दाखला लंगडाच. गोलाचा बाक आपण बाहेरून पाहतो. अवकाश-काळाला 'बाहेर' असावेच लागत नाही. त्याची वक्रता आतूनच मोजता येते.

चादर मात्र मी कपाटात जपून ठेवली आहे. 1919 च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वळलेले आढळले, त्या वळणात निम्मा वाटा काळाचा आणि निम्मा अवकाशाचा. त्या दुसऱ्या निम्म्याची थोडीफार कल्पना चादरीवरून येते.