एसी चालू करताच मोटारीचे इंजिन का अडखळते?

बाजारगावी माल पाहावयास किंवा घरच्या आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यास स्वतःची मोटार वापरणारे शेतकरी आता खेडोपाडी आढळतात. त्यांची एक तक्रार नित्य ऐकू येते. गाडी धावत असता काही जाणवत नाही. परंतु रेल्वेच्या फाटकाशी थांबले आणि एसी चालू असला, की इंजिन थरथरते, त्याची गती खाली येते व प्रसंगी ते बंदही पडते. पुष्कळ मालक याचा दोष एसीलाच देतात आणि कॉम्प्रेसर बदलण्याच्या मोठ्या खर्चात पडतात. दोष बहुधा अन्यत्र असतो.

गाडी उभी असता पेट्रोलचे इंजिन मिनिटास साधारणतः ७०० ते ८५० फेरे घेते. या गतीस त्याच्यापाशी शिल्लक शक्ती अगदी थोडी असते. अशा वेळी एसीचे बटण दाबले की पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर इंजिनास जोडला जातो, रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि त्या पंख्यास वीज पुरविणाऱ्या अल्टरनेटरचा भारही वाढतो. हे ओझे पेलता यावे म्हणून गाडीतील संगणक इंजिनास थोडी अधिक हवा व इंधन देतो. काही गाड्यांत ही हवा वेगळ्या लहान झडपेतून येते. नव्या गाड्यांत थ्रॉटलची पाकळीच विजेच्या मोटारीने किंचित उघडते. रिकाम्या गाडीस जुंपलेला अशक्त बैलही चालतो, त्याचे दुखणे ओझे चढल्यावर दिसते. इंजिनाचेही तसेच आहे. म्हणून इंजिन दुबळे झाले आहे की ओझेच वाजवीपेक्षा अधिक आहे, हे प्रथम ठरवावे.

परीक्षा घरीही करता येते. गाडी सपाट व उघड्या जागी उभी करावी. बंद शेडमध्ये इंजिन मुळीच चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंग व वास नसलेला आणि प्राणघातक आहे. हातब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे. थंड इंजिन मुळातच अधिक गतीने फिरते व दोष झाकून टाकते. मग एसी चालू करून फेऱ्यांच्या काट्याकडे पाहावे. काटा क्षणभर खाली जाऊन सावरला, तर काही बिघडलेले नाही. काटा स्थिर असून गाडी मात्र हादरत असेल, तर इंजिनाखालचे रबरी माउंटिंग झिजले असण्याचा संभव मोठा. काटा खाली जाऊन तेथेच राहिला किंवा वरखाली होऊ लागला, तरच पुढचा शोध घ्यावा.

आता एसी चालू ठेवूनच अ‍ॅक्सिलरेटर हलके दाबून गती १,५०० फेऱ्यांपर्यंत न्यावी. तेवढ्याने इंजिन सुरळीत झाले, तर मंद गतीस हवा पुरविणाऱ्या मार्गावर संशय घ्यावा. थ्रॉटलच्या पाकळीभोवती तेलाच्या वाफा व धूळ मिळून काळे किटण साचते, आणि मूळचीच बारीक फट आणखी अरुंद होते. मळणीच्या दिवसांत कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टरही लवकर तुंबतो. किटण काढण्यास त्याच कामाचा फवारा व मऊ फडके वापरावे, खरडू नये. विजेवर चालणारी पाकळी बोटाने ढकलू नये. सफाईनंतर काही गाड्यांची गती अवाजवी वाढते; तेव्हा कारखान्यात यंत्र लावून संगणकास नवी स्थिती शिकवावी लागते.

गती वाढवूनही झटके कायम राहिले, तर स्पार्क प्लग व इग्निशन कॉइल तपासाव्यात. सीएनजीच्या गाडीत हे आधीच पाहिलेले बरे, कारण त्या वायूस पेटविण्यास ठिणगी अधिक जोरकस लागते. धान्याच्या कोठाराशेजारी गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा रबरी नळी शोधावी. फुटक्या नळीतून हवा आत ओढली जाताना बारीक सूं सूं आवाज येतो. ही गळती हुडकण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल टाकण्याची काही कारागिरांची रीत आहे. ती आगीस आमंत्रण देणारी आहे.

ओझे वाढल्याची खूण निराळी असते. धावत्या गाडीत गारवा उत्तम आणि थांबताच हवा कोमट, भर दुपारी त्रास अधिक, असे असेल तर रेडिएटरपुढील कंडेन्सर पाहावा. त्याच्या बारीक पात्यांत भुसा, पाचटाचे तंतू व कापसाची बोंडरी अडकते. किंवा पंखाच बंद पडलेला असतो. उष्णता बाहेर न पडल्याने गॅसचा दाब चढतो व कॉम्प्रेसर फिरविण्यास अधिक जोर लागतो. प्रमाणाबाहेर गॅस भरल्यानेही हेच घडते. इंजिन बंद करून, ते निवल्यावर पात्यांवर साध्या नळीचे पाणी सोडावे. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. गॅसच्या नळ्या घरी खोलू नयेत. उसळणाऱ्या गॅसने कातडी व डोळ्यांस गंभीर इजा होते. भरावयाचा गॅस बॉनेटखालील पट्टीवर दिलेल्या वजनानेच भरला पाहिजे, अंदाजाने नव्हे. कॉम्प्रेसर जोडला जाताच घरघर होऊन इंजिन तत्काळ बंद पडत असेल, तेव्हाच खुद्द कॉम्प्रेसरवर संशय घ्यावा.

दुरुस्ती होईपर्यंत घाटात व गर्दीत एसी बंद ठेवणे इष्ट. उतारावर मंद गतीत इंजिन बंद पडले, तर ब्रेकला मिळणारे साहाय्य एकदोन दाबांतच संपते व स्टीअरिंग जड होते. तसे झाल्यास ब्रेक पुनःपुन्हा सोडून न दाबता एकदाच पूर्ण जोराने दाबून धरावा.

काम झाल्यावर कारखान्यातून गाडी सकाळच्या गारव्यात ताब्यात घेऊ नये. दुपारी, एसी व पुढील दिवे लावून, उभ्या गाडीचे स्टीअरिंग एका बाजूस पूर्ण वळवून पाहावे; काटा तरीही सावरत असेल, तर पैसे चुकते करावेत.