खाट, बादली आणि मीठ-गुळाचे पाणी

कॉलरा, म्हणजे जुन्या मराठीतली पटकी, जीव घेतो तो मुख्यतः शरीर शोषून. जंतूच्या विषामुळे आतड्यातून पाणी आणि क्षार इतक्या झपाट्याने वाहून जातात की धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. या रोगाच्या संशोधनासाठी १९६० मध्ये तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील ढाका येथे जी प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्या पाठीशी ‘सीटो’ ही आग्नेय आशियातील लष्करी करारसंघटना होती. शीतयुद्धाच्या हिशेबातून आलेला पैसा गरिबांच्या रोगावर सत्कारणी लागावा, हा इतिहासाचा विक्षिप्तपणाच म्हणायचा.

तेथील सर्वांत बोलके उपकरण म्हणजे मधोमध भोक पाडलेली खाट आणि तिच्याखालची बादली. बादलीत किती द्रव जमला हे मोजायचे आणि तेवढाच द्रव रुग्णाच्या शरीरात परत घालायचा, असा हा रोखठोक जमाखर्च. पण शिरेवाटे द्यायचे सलाईन महाग होते आणि खेड्यापाड्यांत मिळतही नव्हते. विषाच्या माऱ्यातही आतड्याची एक वाट शाबूत राहते, ती अशी की ग्लुकोज आत शोषले जाताना मिठातील सोडियमला सोबत नेते आणि त्यामागोमाग पाणीही आत जाते. डेव्हिड नलिन, रिचर्ड कॅश, रफिकुल इस्लाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये २९ प्रौढ रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे द्रावण पाजून हे ताडून पाहिले, तेव्हा रुग्णांना लागणारे सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी घटले. मराठी घरांत ‘जलसंजीवनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या द्रावणाच्या वंशावळीत या चाचणीचे स्थान फार वरचे आहे, जरी नलिन आणि कॅश यांच्या तुलनेत इस्लाम यांचे नाव फारसे घेतले जात नसले तरी.

बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर, १९७८ च्या अध्यादेशाने, या प्रयोगशाळेचे आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात रूपांतर झाले आणि कारभार विविध देशांच्या विश्वस्त मंडळाकडे गेला. तरीही केंद्राची खरी पुंजी परदेशी देणग्यांपेक्षा मतलब या नदीकाठच्या ग्रामीण भागात आहे. मराठी कानाला हे नाव जरा संशयास्पद वाटेल, पण काम निखळ लोकोपयोगी: १९६६ पासून आरोग्यसेवक घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नोंद ठेवत आले आहेत. लस घेतलेल्यांपैकी किती आजारी पडले हे सांगायचे, तर मुळात गावात कोण राहते हे ठाऊक असावे लागते. म्हणूनच तोंडावाटे द्यायच्या कॉलरा लसीची मोठी चाचणी १९८५ मध्ये येथे घेता आली.

द्रावण घरोघरी पोहोचवण्याचे काम मात्र ‘ब्रॅक’ या बांगलादेशी संस्थेने १९८० च्या दशकात उचलले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढे तिच्या कार्यकर्त्या दारोदारी आयांना शिकवीत. पुढे तपासनीस येऊन विचारपूस करी आणि आयांच्या लक्षात किती राहिले यावर शिकवणारीचा मोबदला ठरे.