घरचा अॅम्प्लिफायर, स्वतः जोडलेला

पहिल्या किटसाठी मी बिनदिक्कत एलएम ३८८६ सुचवेन. ±२८ व्होल्टवर हा एकच आयसी ४ ओहमच्या स्पीकरला ६८ वॉट देतो. दिवाणखान्याला १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. रेक्टिफायरनंतर साधारण ±२४ व्होल्ट मिळतात. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत पाहा.

सगळ्यात महत्त्वाचं: ‘टी’ प्रकारात आयसीची धातूची पाठ निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते. ती आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला बुश हवाच! पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब लावा. कपॅसिटर भरताना तो क्षणभर उजळून मंदावतो. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवरचं डीसी मोजा. काही मिलिव्होल्टच हवं.