सीनियर हवा, पण कसा?

नाशिकमध्ये काय काय बनतं याची यादी लांबलचक आहे. ओझरला १९६४ साली मिग विमानांसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना आला, मग सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहती भरत गेल्या. बॉशची डिझेल इंजेक्शनची नोझलं, महिंद्राच्या गाड्या, सीएटचे टायर, विजेची स्विचगिअर. ऑक्टोबर २०२५मध्ये ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान आकाशात झेपावलं. जे बनतं ते तपासावंही लागतं, आणि तपासणीच्या टेस्ट बेंचशेजारी बहुतेक वेळा एक धूळ खाल्लेला डेस्कटॉप असतो. त्यावरचं सॉफ्टवेअर सांभाळणारा सीनियर इंजिनिअर मिळत नाही, ही उद्योजकांची तक्रार. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे, कारण जाहिरातीत आपण मागतो भलतंच.

जाहिरातीत काय असतं? सी-शार्पचा आठ वर्षांचा अनुभव, क्यूटी आलं तर उत्तम, क्लाउड हवंच. मुलाखतीत पुण्याच्या आयटी कंपन्यांतून उचललेली कोडी. वेबसाइट बांधणारा माणूस यात सहज पास होतो. आणि मग तो बेंचवर येतो.

बेंचवर काय होतं ते पाहा. प्रेशर सेन्सरचं वाचन दर मिलिसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला हजार. पडद्यावर आलेख धावतोय. ऑपरेटर रिपोर्टचं बटण दाबतो आणि आलेख अर्धा सेकंद थिजतो. सॉफ्टवेअर नीट बेतलेलं नसेल तर पाचशे वाचनं गेली. नेमका प्रेशरचा झटका त्यातच असेल तर खराब नोझल पास होऊन गाडीत बसलं. विंडोज ही मुळात वेळेची हमी देणारी प्रणालीच नव्हे. तिच्या घड्याळाचा नेहमीचा ठोका सुमारे साडेपंधरा मिलिसेकंदांचा. म्हणून जाणकार माणूस मोजण्याचं काम स्वतःचं घड्याळ आणि बफर असलेल्या कार्डावर सोपवतो, किंवा पीएलसी या यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकावर. डेस्कटॉपकडे दाखवणं आणि साठवणं एवढंच ठेवतो, आणि छपाईचं काम वेगळ्या थ्रेडला देतो. मशीन थांबवण्याची सुरक्षा तर तो विंडोजच्या हाती कधीच देत नाही.

मी मुलाखत घेतली तर हाच थिजलेला आलेख समोर ठेवीन. एखादा लगेच कोड उघडा म्हणेल. दुसरा विचारेल: हे दुपारीच होतं का? अँटिव्हायरसचं स्कॅन कधी चालतं? यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर कुठला? केबल मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीच्या वायरिंगला खेटून गेलीय का, अर्थिंग कोणी तपासलं? नेमायचा तो हा दुसरा, भाषा त्याला कुठलीही येत असो.

बिघाडाचा असा माग कसा काढतात ते पाहा. जुलै १९९७मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक अधूनमधून आपोआप रीसेट होत होता. कमी महत्त्वाच्या कामानं अडवलेल्या सामायिक साधनासाठी महत्त्वाचं काम खोळंबत होतं. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर बिघाड पुन्हा घडवला, नोंदी वाचल्या आणि दुरुस्ती इथूनच पाठवली. नोंदी ठेवण्याची सोय त्यांनी यानात आधीच ठेवली होती, म्हणून निभावलं. आपल्याकडे शिफ्ट संपली की लॉग पुसणारे महाभाग आहेत!

बिघाडाचा असा माग काढणारी माणसं नाशिकला नाहीतच असं नाही. के. के. वाघ महाविद्यालय १९८४पासून इंजिनिअर घडवतंय; इन्स्ट्रुमेंटेशन आणि मेंटेनन्समध्ये वीस वर्षं पीएलसीच्या पॅनलशी झटलेले लोक प्रत्येक वसाहतीत आहेत. पण त्यांच्या पदनामात ‘सॉफ्टवेअर’ नसतं म्हणून एचआरच्या पहिल्याच चाळणीत ते गळतात. जी तरुण मुलं दोन्ही शिकलीत, ती सोमवारी पहाटे पुण्याची गाडी धरतात. पगाराचा फरक आहेच. त्याहून मोठा मुद्दा मला वाटतो तो हा, की इथं बेंचचं सॉफ्टवेअर मशीनसोबत फुकट मिळणारी वस्तू समजलं जातं. मशीनच्या ऑर्डरमध्ये त्याची वेगळी ओळ नसते, मग ते लिहिणाऱ्याचा पगार कुठून निघणार?

दुसरी अडचण वारशाची. व्हिज्युअल बेसिक ६ ही प्रोग्रामिंगची भाषा १९९८ची. तिच्यात लिहिलेले प्रोग्राम आजही बेंच चालवताना दिसतात. लिहिणारा निवृत्त झालेला, सोर्स कोड कुणाच्या तरी सीडीत. नवा सीनियर आला की त्याला पहिल्याच आठवड्यात ‘हे सगळं नव्यानं लिहा’ सांगतात. त्यानं होकार दिला तर मी सावध होईन. आधी पंधरा दिवस रात्रपाळीला ऑपरेटरजवळ बसू द्या, असं तो म्हणाला, तर नोटीस पीरिअड तीन महिन्यांचा असला तरी त्याची वाट पाहीन.