घड्याळांचे समकालीकरण व त्याची पडताळणी

जाळ्याने जोडलेल्या साधनांतील घड्याळांचा परस्परांशी मेळ घालणे याला समकालीकरण आणि तो मेळ प्रत्यक्षात किती अचूक आहे हे स्वतंत्र मापनाने तपासणे याला पडताळणी म्हणतात. विद्युत् उपकेंद्रातील रिले, मापक, नियंत्रक इ. साधनांत बसविलेल्या लहान संगणकांच्या बाबतीत ही पडताळणी विशेष महत्त्वाची असते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडा यांच्या काही भागांत सु. ५ कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. त्या वेळी अनेक नोंदयंत्रांच्या घड्याळांत मेळ नसल्याने घटनांचा क्रम लावणे चौकशीत अवघड गेले.

अशा साधनांतील घड्याळ सामान्यतः क्वॉर्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. स्फटिकाची कंप्रता तापमान व वय यांनुसार बदलते. दहा लाखांत २० भाग एवढी त्रुटी असल्यास घड्याळ दिवसाला सु. १·७ सेकंद मागे वा पुढे जाते. म्हणून साधने प्रमुख घड्याळाशी वारंवार संदेशांची देवाणघेवाण करतात. संदेश निघाल्याच्या व पोहोचल्याच्या चार वेळांवरून घड्याळांतील फरक काढला जातो. २००२ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेली ‘प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल’ ही पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे.

या गणितात जाण्यायेण्याचा विलंब समान गृहीत धरलेला असतो. समजा, जाताना ४० व येताना २० मायक्रोसेकंद लागले, तर प्रत्येक बाजूस ३० धरले जातात व घड्याळात १० मायक्रोसेकंदांची चूक राहते. ५० हर्ट्‌झ कंप्रतेच्या विद्युत् प्रवाहाच्या मापनात ही चूक ०·१८ अंश कलेएवढी होते. साधन मात्र आपला फरक शून्य असल्याचेच दर्शविते, कारण ही चूक त्याच संदेशांवरून ओळखता येत नाही.

यास्तव पडताळणी संदेशमार्गाबाहेरून करावी लागते. प्रत्येक साधनाकडून दर सेकंदाच्या आरंभी एक विद्युत् स्पंद बाहेर काढतात व दोन्ही स्पंदांतील अंतर दोलनदर्शकाने किंवा कालांतर मापकाने मोजतात. जोडतारांची लांबी समान ठेवतात, कारण तारेच्या दर मीटरला सु. ५ नॅनोसेकंद विलंब होतो. मापन कित्येक तास, तापमान व जाळ्यावरील भार बदलून करतात. केवळ सरासरी पाहून भागत नाही, तर आढळलेला कमाल फरकही नोंदवावा लागतो.