लखनौची तवायफ : प्रतिमा आणि वास्तव

हिंदी चित्रपट पाहणाऱ्या माणसाला लखनौचे नाव घेताच एक ठरीव चित्र आठवते. झुंबरांचा उजेड, लोडांना टेकून बसलेले नवाब आणि मध्यभागी नाचता नाचता डोळ्यांतील पाणी लपविणारी एक स्त्री. ती मनाने निर्मळ असते. तिचे एकाच पुरुषावर प्रेम असते आणि समाज तिला स्वीकारीत नाही. ‘पाकीजा’ (१९७२) या चित्रपटाचे नावच मुळी ‘पवित्र स्त्री’ या अर्थाचे आहे. जणू नायिकेचे पावित्र्य आधी सिद्ध करून दिल्यावाचून तिच्याविषयी सहानुभूती बाळगण्याची प्रेक्षकांना मोकळीक नव्हती!

१७७५ मध्ये आसफउद्दौल्याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली, तेव्हापासून १८५६ मध्ये वाजिद अली शाह पदच्युत होईपर्यंत या नगरीत तवायफ ही एक प्रतिष्ठित संस्था होती. तिला गायन, नृत्य, उर्दू व फारसी काव्य यांचे शिक्षण मिळे. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौविषयी जी प्रसिद्ध लेखमाला लिहिली, तीत तवायफांच्या संगतीवाचून माणूस खरा सुसंस्कृत होत नाही अशी त्या काळची समजूत त्यांनी नोंदविली आहे.

तथापि ज्या स्त्रिया रसिकतेचे धडे देत होत्या, त्यांच्या तोंडी शब्द बहुधा पुरुषांचे असत. ठुमरीतील विरहिणी ‘मी’ म्हणून बोलते, पण त्या रचना करणाऱ्यांत स्वतः वाजिद अली शाह होता, कथ्थकचे आचार्य बिंदादीन महाराज होते. मराठी वाचकाला येथे लावणीची आठवण व्हावी. तेथेही राम जोशी आणि होनाजी यांच्यासारख्या शाहिरांनीच स्त्रीच्या मनातील गोष्ट लिहिली. लखनौमध्ये तर या प्रथेचा एक स्वतंत्र काव्यप्रकारच झाला. उर्दू कवितेला ‘रेख्ता’ म्हणत. त्या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप करून ‘रेख्ती’ हे नाव रूढ झाले. सआदत यार खाँ ‘रंगीन’ आणि इन्शा अल्ला खाँ ‘इन्शा’ हे तिचे प्रमुख कवी. जनानखान्यातील बोली, दागदागिने, मोलकरणींची भांडणे, मैत्रिणींतील ओढ आणि रुसवे हे सारे तीत उतरले. पुढच्या पिढीतील ‘जान साहब’ हा कवी तर अंगावर ओढणी घेऊन, बायकी हावभाव करीत मुशायऱ्यात रेख्ती म्हणत असे, असे सांगतात. श्रोते पुरुषच, कवीही पुरुषच.

मग रेख्तीला स्त्रियांची निव्वळ टवाळी म्हणावयाचे काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारकी वृत्तीच्या समीक्षकांनी तिला अश्लील ठरवून बाजूला सारले. अलीकडच्या काळात रूथ वनिता यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र तीत शहरी स्त्रियांच्या बोलण्याचा खरा ठसा शोधला आहे. दोन्हींत तथ्य आहे. नकलेत थट्टा असते. पण नक्कल वठवायची तर मूळ आवाज कान देऊन ऐकावा लागतो. एवढे मात्र खरे की ज्यांची ही बोली, त्यांना कोणी विचारले नाही.

त्यांना प्रथम विचारले ते कर गोळा करणाऱ्यांनी, असे म्हणावे लागते. इतिहासकार वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांना लखनौच्या नगरपालिकेच्या दप्तरात १८५८ ते १८७७ या काळातील करवह्या सापडल्या. त्यांत नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रियांची नोंद सर्वांत वरच्या करश्रेणीत होती. घरे, बागा, दुकाने त्यांच्या मालकीची होती. १८५७ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल ज्यांची मालमत्ता जप्त झाली, त्या याद्यांतही तवायफांची नावे आढळतात. चित्रपटातील असहाय स्त्रीपेक्षा ही अगदी निराळी व्यक्ती आहे. ती मालकीण आहे, करदाती आहे आणि सरकारच्या दृष्टीने बंडखोरही आहे. त्यानंतर गोऱ्या शिपायांच्या आरोग्यासाठी जे कायदे आले, त्यांनी कलावंत आणि देहविक्रय करणारी स्त्री यांतील भेद पुसून टाकला व सक्तीची वैद्यकीय तपासणी लादली.

मिर्झा मुहम्मद हादी ‘रुसवा’ यांची ‘उमराव जान अदा’ ही कादंबरी १८९९ मध्ये प्रसिद्ध झाली. फैजाबादहून पळवून आणून लखनौत विकलेली अमीरन पुढे उमराव जान होते आणि आपली हकिकत स्वतः सांगते. लेखक श्रोता होऊन अधूनमधून प्रश्न विचारतो. लेखणी येथेही पुरुषाचीच आहे, पण ही निवेदिका चतुर आहे, स्वतःच्या चुकांना हसते आणि ऐकणाऱ्याची दया मागत नाही. मुजफ्फर अली यांच्या १९८१ च्या चित्रपटात रेखाचा अभिनय आणि आशा भोसले यांचा स्वर दोन्ही अविस्मरणीय ठरले. दोघींनाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. परंतु भावाने नाकारलेली उमराव एकटी परत फिरते, तेथे चित्रपट थांबतो. कादंबरी त्यापुढेही चालू राहते, आणि आपल्या मिळकतीवर जगणारी, वाचनाचा नाद असलेली प्रौढ उमराव आयुष्याचा हिशेब मांडते. प्रेक्षकांना अश्रू मिळाले, हिशेब मात्र गळाला.

हा प्रश्न लखनौपुरता नाही. अमेरिकेत १९९० मध्ये फ्लोरिडातील एका न्यायाधीशाने ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गायकवृंदाची ध्वनिमुद्रिका अश्लील ठरविली. १९९२ मध्ये तो निर्णय फिरविण्यात आला. त्या गाण्यांतील स्त्रीनिंदा उघड होती. पण कायदेपंडित किंबर्ले क्रेनशॉ यांनी दाखवून दिले की खटला भरणाऱ्यांनाही कृष्णवर्णीय स्त्रियांची फारशी पर्वा नव्हती. गाणाऱ्यांनी त्यांचा अपमान केला आणि बंदी घालणाऱ्यांनी त्यांचे नाव वापरले. क्वीन लतीफा या गायिकेने १९९३ मध्ये त्याच रॅपमधून उत्तर दिले आणि १९९५ मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

भारतात अशा उत्तराची वाट अधिक अवघड होती. सरदार पटेल माहिती खाते सांभाळीत असताना, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना आकाशवाणीची दारे बंद करण्यात आली. नियमाचे शब्द सर्वांना लागू होते. आघात झाला तो गाणाऱ्या स्त्रियांवर. याच लखनौत १९२६ पासून विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने निघालेले संगीत महाविद्यालय होते आणि घरंदाज मुलींना तेथे गाणे शिकता येऊ लागले होते. कलेला प्रतिष्ठा लाभत होती, पण ती जपणाऱ्या बायकांना नव्हे.

फैजाबादची अख्तरीबाई हे या पालटाचे सर्वांत परिचित उदाहरण होय. १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी विवाह झाल्यावर तिचे गाणे थांबले. १९४९ मध्ये ती लखनौ केंद्रावरून पुन्हा गाऊ लागली. पुढे ‘बाई’ हे पद गळून पडले आणि ती बेगम अख्तर म्हणून ओळखली जाऊ लागली. गळा तोच होता. १९७४ मध्ये अहमदाबाद येथे तिचे निधन झाले. लखनौच्या पसंदबागेत आईशेजारी तिची कबर आहे. ती आई, मुश्तरीबाई, हीदेखील गाणारीच होती.