पाहिल्यानें थबकणारा अणु

साताऱ्याहून सांगलीस निघालेली मोटार कोणत्याहि एका क्षणीं एकाच जागीं असते; मग ती धांवते केव्हां? ग्रीक तत्त्वज्ञ झेनो ह्यानें बाणाविषयीं घातलेलें कोडें तें हेंच. मोटार पाहणाऱ्याची पर्वा न करितां कराड ओलांडून जाते. अणूची गोष्ट निराळी.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत उमेदवारीच्या काळीं काम केलेले जॉर्ज सुदर्शन व त्यांचे सहकारी बैद्यनाथ मिश्र ह्यांनीं १९७७ सालीं गणितानें दाखविलें कीं, अस्थिर अणूचें सतत निरीक्षण केल्यास त्याचा क्षय खुंटतो. स्थिति पालटण्याचा संभव आरंभीं काळाच्या वर्गाप्रमाणें वाढतो: दुप्पट काळ, चौपट संभव. तोच अवधि दहा भागांत तोडून प्रत्येक भागाअखेर तपासणी केली, तर दर भागाचा संभव शतांश होतो. दहांचा मिळून अवघा एकदशांश. प्रत्येक तपासणीनें हिशेब पुन्हां शून्यापासून सुरू होतो.

१९९० मध्यें अमेरिकेंत बोल्डर येथें इटानो, वाइनलँड प्रभृतींनीं बेरिलियमच्या सुमारें ५००० विद्युद्भारित अणूंवर हें पडताळलें. रेडिओलहरींनीं २५६ सहस्रांश सेकंदांत ते सारे वरच्या पातळीस जावयाचे. मध्यें अतिनील प्रकाशाचे ६४ झोत सोडतां बहुतेक खालींच राहिले. खालचा अणु त्या प्रकाशांत उजळतो, वरचा काळोखा राहतो, हीच तपासणी. तिला मानवी डोळा लागत नाहीं, म्हणून मनःशक्तीचा पुरावा म्हणून हा प्रयोग सांगणें निव्वळ भाबडेपणाचें आहे.

अर्थात् हें लहरींनीं घडविलेलें स्थित्यंतर होतें, खरा क्षय नव्हे. टेक्सासमध्यें २००१ सालीं प्रकाशाच्या जाळ्यांतून निसटणारे सोडियमचे अणु वारंवार तपासून रोखण्यांत आले; आणि तपासण्यांमधील अंतर वाढवितांच ते उलट अधिक लौकर निसटूं लागले.